म्हसोबाला वाहिलेला पंप

त्या आठवड्यात मी देवापुढे हात जोडत होते, पण ऐकणारं कुणी आहे का, याची मला खात्री उरली नव्हती. आमची जुनी डिझेल गाडी अंगणात बंद पडली होती. टाकीतलं डिझेल इंजिनाकडे ओढणारा फीड पंप गेला होता आणि कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलेलं. मिरजगावजवळच्या आमच्या वस्तीवरून कॉलेजच्या वेळेला एसटी नाही. माझे वडील, आप्पा, मला आणि शेजारच्या मनीषाला त्याच गाडीने सोडायचे. आमच्या दोघींच्याही घरात याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. मनीषाचे वडील पहिल्याच दिवशी आप्पांना म्हणाले होते, "तुझी गाडी हाय तवर पाठवतो. येकटी पोर रस्त्याला उभी राहिलेली मला चालनार न्हाई." आता गाडी थांबली होती, आणि त्यांच्या घरात स्थळ बघायची बोलणी सुरू झाली होती. माझ्याकडे राहिलेली कॉलेजची वही मनीषाने परत मागितलीसुद्धा नाही.

आप्पांबरोबर मी मिरजगाव, कर्जत, नगरचा जुना बाजार, सगळं पालथं घातलं. प्रत्येक दुकानात आप्पा पिशवीतून तेलकट पंप काढून दाखवत. एक दुकानदार हसून म्हणाला, "मामा, हिचं सामान आता न्हाई भेटायचं. गाडीलाच हार घाला अन् ठिवा." दुसऱ्याने तसाच दिसणारा एक दिला, पण तो बसलाच नाही.

शेवटच्या फेरीहून परतताना आम्ही म्हसोबाच्या फाट्यावर उतरलो. तिथल्या लिंबाला गाडीवाले नवस फेडताना गाडीचीच एखादी वस्तू बांधतात. भोंगे, आरसे, एक स्टेअरिंगसुद्धा आहे. त्यांना कुणी हात लावत नाही. देवाची वस्तू नेली तर गाडी उलटते, असं आमच्याकडे मानतात. आप्पांनी वर पाहिलं आणि मीही पाहिलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नवा फीड पंप तिथे लटकत होता. तो आमचाच होता. मी बारावी पास झाले तेव्हा आप्पांनी अडीअडचणीला जपून ठेवलेला हा पंप देवाला वाहिला होता. "अवो, नारळानं भागलं नसतं का?" असं आई तेव्हा म्हणाली होती.

"आप्पा, तो पंप..." मी चाचरत म्हटलं.

"वाहिलेलं माघारी मागू न्हाई, बाळा."

मी डोळे मिटले. काय मागावं तेच कळेना. आजवर मी देवाला प्रत्येक गोष्ट समजावून सांगायचे. त्या दिवशी एवढंच म्हटलं, तूच बघ.

थोड्या वेळाने दुधाचा एक टेम्पो थांबला. चालकाने नारळ फोडला, आमच्या हातावर खोबरं ठेवलं आणि आप्पांच्या पिशवीतल्या जुन्या पंपाकडे बघून चौकशी केली. आप्पांनी सगळं सांगितलं. तो वर बघून हसला.

"दादा, आख्खा नारळ देवाला देतो, अन् खोबरं कोन खातं?"

"ते निराळं. आन् गाडी उलटली म्हंजी?"

"चोरून नेली तर उलटंल. परसादानं कुनाचं वाईट झालंय व्हय?"

त्याने देवाला हात जोडले, दोरी सोडली आणि पंप खोबऱ्याच्या आणखी एका तुकड्यासकट आप्पांच्या हातात ठेवला. आप्पांनी तो कपाळाला लावला. आम्ही भानावर येईपर्यंत टेम्पो वळणापलीकडे गेला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आप्पांनी पंप बसवला, नळीतली हवा काढली. गाडी खोकली, थांबली आणि मग सुरू झाली. सकाळी मनीषाच्या दारात त्यांनी नेहमीपेक्षा जरा जास्तच भोंगा वाजवला. तिचे वडील ओट्यावरून म्हणाले, "कळलं, कळलं! पोर निघालीच हाय." मनीषा दप्तर घेऊन जवळजवळ धावतच आली.

याला कुणी योगायोग म्हणेल. मला वाद घालता येत नाही. देवाला देणं आम्हाला माहीत होतं, पण त्याच्याकडून घेताना मात्र आम्ही भीत होतो, एवढंच मला त्या दिवशी उमगलं. त्या दोरीला आता काय बांधायचं, असं मी आप्पांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "त्यालाच ठरवू दे."

अजून ती दोरी रिकामीच आहे. फाट्यावर आप्पा गाडी हळू करतात, मनीषा मागच्या सीटवरून नमस्कार करते. मी मात्र हात जोडायच्या आधी क्षणभर ओंजळ उघडी धरते.