हाडावरचा अंगठा

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्यानंतरची काही वर्षं शहरात जिकडे बघावं तिकडे रस्ते खोदलेले असायचे. मी तेव्हा एका लहानशा शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवायची. एकदा डायनासोरचं चित्र दाखवून सांगितलं, हे प्राणी फार फार पूर्वी होते, आता त्यांची दगड झालेली हाडं जमिनीत सापडतात. पहिल्या बाकावरच्या पोट्ट्यानं लगेच विचारलं, "दीदी, इसीलिए सड़क खोद रहे हैं क्या?"

सगळा वर्ग इतक्या आशेनं माझ्याकडे बघत होता की नाही म्हणायला जिवावर आलं. म्हटलं, यांना एकदा खोदूच द्यावं.

शाळेच्या मागे नव्या खोलीसाठी वाळूचा ढीग पडला होता. प्रश्न हाडांचा होता. खरी हाडं आणू का विचारल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि विषय संपला. मग गोल बाजारातून प्लास्टर ऑफ पॅरिस आणलं. नवरा रेल्वेत, रविवारी त्याला सुटी. अंगणात गोणपाट अंथरून मी तारेवर कागद गुंडाळायची आणि तो वरून प्लास्टर थापायचा.

"हा डायनासोर होय? मले तर म्हैस वाटून राहिली," तो म्हणाला.

"तू थाप मुकाट्यानं."

वाळल्यावर हाडांना चहाच्या पाण्याचा रंग दिला. सोमवारी शाळा भरायच्या आधीच ती वाळूत पुरून टाकली.

पोरांच्या हातात जुने टूथब्रश दिले आणि बजावलं, ओढायचं नाही, हळूहळू वाळू झटकायची. रस्त्याबद्दल विचारणाऱ्या पठ्ठ्यानं ब्रश खिशात घातला आणि कुत्र्यासारखी दोन्ही हातांनी वाळू उडवायला सुरुवात केली. त्यालाच पहिली बरगडी सापडली! मग काय, शिस्त गेली वाळूत. सापडलेलं एकेक हाड सतरंजीवर मांडताना डोकं कोणत्या बाजूला, यावरून भांडण जुंपलं.

एक मुलगी मात्र मांडीचं हाड घेऊन बाजूला बसली होती. वर्गात कधी तोंड न उघडणारी. बराच वेळ ते उलटसुलट करून तिनं माझा पदर ओढला.

"दीदी, इसमें अंगूठा है।"

बघते तर खरंच, प्लास्टरमध्ये अंगठ्याचा ठसा, रेषांसकट उमटलेला.

"डायनासोरचा असेल," मी म्हटलं.

"नहीं। आदमी का है।" तिनं आपला अंगठा त्यात टेकवला. सगळीकडून जागा उरली. "बड़े आदमी का।"

खरं सांगून टाकता आलं असतं, पण तिचा चेहरा बघून मी माझा अंगठा पुढे केला. तिनं तो लावून पाहिला, लहान पडला. झाडू मारणाऱ्या मावशींचा लावला. बांधकामावरच्या मिस्त्रीचा लावला, तर तो खड्ड्यात शिरेचना. गलका ऐकून मोठ्या बाई रागावून बाहेर आल्या, तर पोरांनी त्यांच्यापुढेही हाड धरलं. त्यांनी अंगठा पदराला पुसून गुपचूप लावला आणि बसला नाही म्हणून जराशा हिरमुसल्या.

शाळा सुटली आणि नवरा मला न्यायला स्कूटरवर फाटकाशी आला. पोरांनी त्याला गाठलंच.

"भैया, अंगूठा दिखाओ!"

"काहून? मी काय केलं?"

मुलीनं त्याचा हात धरला आणि अंगठा ठशावर दाबला. अगदी चपखल बसला. अशी आरोळी उठली की मावशींच्या हातातला झाडू पडला. "भैया डायनासोर बनाता है!"

मग मात्र मी सगळ्यांना वाळूवर बसवलं. कबूल केलं, ही हाडं आमच्या अंगणातली. पण खूण दिसली की ती कोणाची हे विचारायचं आणि एकेक करून ताडून बघायचं, हेच खरी हाडं शोधणारे करतात, असंही सांगितलं. दात बघून तो प्राणी काय खात होता, ते ओळखतात.

"हव," ती मुलगी मान डोलावत म्हणाली, जणू तिला हे आधीपासूनच ठाऊक होतं. मग नवऱ्याकडे वळली. "पूँछ कहाँ है?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "प्लास्टर संपलं होतं ना," तो ओशाळून म्हणाला.

"तो कल ले आना।"

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी तो शेपटी घेऊन हजर. ती एवढी लांब झाली होती की आता वर्गात आणून ठेवलेल्या सतरंजीवर मावेना, टोक दाराबाहेर व्हरांड्यात गेलं. पुढे कितीतरी दिवस मावशी ती ओलांडून झाडू मारायच्या आणि पाय लागला की न चुकता नमस्कार करायच्या.