ताप चुकवायची ओसरी

“ताप दारात आला तर त्याला म्हनावं, घरी कुणी न्हाय,” शरिफाबी एकदा म्हणाली होती.

ईट गावात सगळे तिला बुबू म्हणत, म्हणजे थोरली बहीण. दिवसाआड थंडी वाजून ताप येत असला की तापाच्या पाळीच्या दिवशी माणूस आपलं घर सोडून बुबूच्या ओसरीवर येऊन बसे. तापानं घरी येऊन शोधावं आणि कुणी न सापडून परत जावं, अशी ती रीत. बुबू सागरगोटा भाजून, मिऱ्याबरोबर वाटून चाटवायची. माणसं तोंड वाकडं करायची, ती हसायची. उन्हं कलेपर्यंत कुणाला उठू द्यायची नाही.

तिच्या स्वतःच्या घरी खरंच कुणी नव्हतं. नवरा वली पोलीस ॲक्शनच्या साली हैदराबादला गेला, तो आलाच नाही. त्या वाटेकडं तोंड करून बसायची सवय तेवढी राहिली. पावसाळा सरत आला की ओसरी भरायची. आजारी का असेना, कुणीतरी बसलेलं असायचं.

सगळ्यांत जास्त यायची मळ्यातली तुळजाबाई. दरसाल ताप, दरसाल ओसरी. कुडकुडत, हसत, वर्षाचं साठलेलं बोलून घ्यायची. बरी झाली की सासू तिला मळ्याबाहेर पडू देत नसे. तापाशिवाय गावात यायला तिला निमित्तच नव्हतं.

एकोणसाठ साली डास मारायचे फवारणीवाले आले. भिंतींवर पांढरे ओघळ उरले. मागोमाग गोळ्या घेऊन डॉक्टर आले आणि चावडीत माणसं जमली.

“आमची पिढी सागरगोट्यावर उठली, साहेब,” गावातले म्हातारे महालिंगप्पा म्हणाले.

“उठली ती उठली. जी उठली नाहीत ती इथं सांगायला कशी येतील?” डॉक्टर म्हणाले. कुणीतरी हसलं. “सागरगोट्यानं ताप दबत असेल, रक्तातून जात नाही. दरसाल परत येतो की नाही?”

बुबू खांबाला टेकून ऐकत होती. तापाच्या त्या परत येण्याचीच ती दरसाल वाट बघत आली होती.

समोर तुळजाबाई घोंगडीत गुरफटून बसली होती. डोळे खोल गेलेले, नखं पांढरी. गोळ्या पुढं केल्या तरी हात बाहेर काढीना.

“बुबू म्हनंल तसं,” ती म्हणाली.

“सांगा बुबू,” महालिंगप्पा म्हणाले, “तुमच्या सागरगोट्यानं कुणाचं काय वाटूळं झालंय ते सांगा साहेबाला.”

बुबू उठली. डॉक्टरांच्या हातातल्या गोळ्या घेतल्या, तुळजाबाईच्या तळव्यावर ठेवल्या, पाण्याचा तांब्या तिच्या ओठाला लावला आणि ती गिळेपर्यंत तिथंच उभी राहिली.

“ही बी कडूच हाय की,” तुळजाबाई म्हणाली. मग सवयीनं तिनं विचारलं, “बुबू, परवा कवा येऊ मग?”

बुबूनं तिच्या खांद्यावरची घोंगडी सारखी केली, तांब्या खाली ठेवला आणि ती चावडीबाहेर पडली.