पायरीवरचे तात्या

घोडेगावच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली. तिथले किस्से पुष्कळ आहेत, पण रविवारच्या एका खोलीत जमलेले किस्से त्यांच्यापेक्षा भारी! ते कुणी मुद्दाम गोळा केले नाहीत. दोघं भेटले की "ते आठवतं का राव?" म्हणून एकामागून एक निघतात, आणि चहा गार होतो.

ही खोली पिठाच्या गिरणीमागं. आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे पंचवीसेक माणसं. सतरंजीवर पुरुष डावीकडं, बाया उजवीकडं. उपासना चालवणारे पाळकसाहेब जुन्नरहून येतात, आणि ते येईपर्यंत थोरात सर आणि भास्कर यांचं भांडण चालतं. थोरात सर रिटायर्ड मास्तर. त्यांचं म्हणणं, पापातून सुटका, म्हणजे तारण, कुणाचं व्हायचं हे देवानं जग घडवायच्या आधीच ठरवून ठेवलंय, माणसाच्या हातात काही नाही. भास्कर विहिरीच्या मोटारी रिवाइंड करतो. तो म्हणतो, देव हाक मारतो, पण हो म्हणायचं का नाही ते माणसानंच ठरवायचं. "दाव्याला धरून वडत न्यायला आपुन काय बैल हाय का?"

मला कुणी विचारत नाही. अर्ज आपण करायचा आणि सही साहेबांनी करायची, एवढंच मला कळतं.

या भांडणाला एक कायमचे श्रोते होते, नामदेवतात्या. निरगुडसरहून बायकोला, आमच्या सुमनकाकूंना, दर रविवारी मोटारसायकलवर आणायचे आणि स्वतः बाहेर पायरीवर बसायचे. अशी अकरा वर्षं! काकूंची देवाकडं एकच मागणी, यांनी एकदा आत येऊन बसावं. पण पाळकसाहेबांनी बोलावलं की तात्यांचं उत्तर तयार असायचं.

"तुमी बोलवून काय उपेग? सर म्हणत्यात, बोलावणं वरून यावं लागतं. आलं की यीन!"

एकदा काकू सर आणि भास्कर दोघांवर कडाडल्या, "तुमच्या भांडणापायी माझा मालक पायरीवर बसलाय, कळतंय का?"

*

सर एकदा शिनोलीच्या पुढं एका वाडीवर प्रार्थनेला निघाले. एसटी चुकली. स्टँडवरून परत आले आणि शांतपणे म्हणाले, "देवाची इच्छा नव्हती."

भास्कर म्हणाला, "देवाची व्हती सर, तुमची आंघोळ लांबली!"

त्या दिवशी सरांनी भास्करच्या हातचा चहा घेतला नाही.

*

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आमच्यात वचनाचं, म्हणजे बायबलमधल्या एखाद्या ओळीचं, कार्ड काढतात. डब्यात हात घालायचा, हाताला लागेल ते वचन वर्षभर आपलं. एका वर्षी भास्करला दुःख धीरानं सोसण्याचं वचन आलं. इकडंतिकडं बघून त्यानं ते हळूच परत टाकलं आणि दुसरं काढलं.

दुसऱ्या वेळीही तेच आलं!

सर मागंच उभे होते. "काढ, अजून एकदा काढ! दहा वेळा काढलंस तरी तेच येणार. ठरलेलं कुठं चुकतंय?" असे खूश झाले की त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले.

आता सांगायला हरकत नाही. डब्यात कार्डं कमी पडली म्हणून मीच तसल्याच दुसऱ्या पाकिटातली कार्डं त्यात मिसळली होती. प्रत्येक वचन दोनदा होतं. एवढा आनंद झालेल्या माणसाला कशाला सांगायचं?

तात्यांचं कार्ड दर वर्षी काकूच काढायच्या आणि खिडकीतून बाहेर द्यायच्या. त्या वर्षी तात्यांनी विचारलं, "हे तू निवडलं का तुज्या देवानं?"

काकू म्हणाल्या, "मी हात घातला, ते हाताला लागलं. आता डोकं खाऊ नका, वाचा!"

*

मग भास्करनं पायरीच्या बरोबर वर स्पीकरचा खोका बसवला. तात्यांना एकही शब्द चुकायला नको. सर भडकले, "देवाला माणूस बोलवायला तुझा स्पीकर लागतो काय?"

पुढच्याच रविवारी सरांचं प्रवचन होतं. सुरू झालं आणि लाइट गेली. सर वळले, आमच्याकडं पाठ केली, दाराकडं तोंड केलं आणि घसा फाटेस्तोवर पाऊण तास बोलले!

आम्ही पाठीमागून ऐकलं.

*

श्रावणात एका रविवारी पावसानं झोडपलं. तात्या पायरीवर गोणपाट पांघरून बसलेले. भास्कर दारात गेला. "तात्या, भिजताय. या की आत!"

"पावसाला भिऊन आत आलो तर ती काय माझी मर्जी झाली व्हय रं? तूच म्हणतोस ना, मनापासून यावं लागतं?"

सर आत इतके हसले की त्यांना ठसका लागला.

*

पण सरांना खरी मजा आली ती एका रविवारी प्रार्थनेच्या वेळी. भास्कर गुडघ्यावर बसून रडवेल्या आवाजात म्हणत होता, "देवा, तात्याचं मन तूच फिरव. तुज्याशिवाय कुणाला जमायचं न्हाई."

सर मागून हळूच म्हणाले, "हो-नाही माणसानंच ठरवायचं ना? मग देवाला कशाला त्रास देतोस?"

भास्करनं डोळे उघडले नाहीत. "सर, प्रार्थनेत मधी बोलू नका."

*

गेल्या वर्षी काकूंच्या हृदयाचं दुखणं निघालं. पुण्यात दवाखान्यात दाखल केलं, सोमवारी ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या खोलीत कुणी भांडलं नाही. पाळकसाहेबांनी काकूंसाठी प्रार्थना सुरू केली, तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. आवाज ओळखीचा होता.

तात्या एकटेच, पुण्याहून आले होते. पायरीशी थांबले, चपला काढल्या, आत आले आणि सरळ उजवीकडं, बायकांमध्ये, काकूंच्या जागेवर मांडी घालून बसले! अकरा वर्षं पायरीवरून त्यांना तेवढी एकच जागा दिसत होती. बाया जरा सरकल्या. कुणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

प्रार्थना संपली आणि सरांना राहवेना. "तात्या, बोलावणं आलं का हो?"

"बोलावणं कशाला?" भास्कर म्हणाला. "सोताच्या पायानं आलं की!"

तात्यांनी दोघांकडं पाहिलं. "ती म्हणली, पोरगं हाय माज्यापाशी, तुमी जावा. मला बी यायचंच व्हतं. पर ती म्हणली नसती, तर आलो नसतो."

"बघा!" सर आणि भास्कर एकदम ओरडले. "मी काय म्हणत होतो?"

पुन्हा जुंपली. मी उठून बाहेर गेलो आणि काकूंच्या मुलाला फोन लावला. त्यानं फोन काकूंच्या कानाला धरला.

"काकू, तात्या आत येऊन बसलेत."

"आत? कुठं?"

"तुमच्या जागेवर. बायकांत."

"मंग कुणी उठवू नका त्यांना," काकू म्हणाल्या. "मी आले की सरकत्याल."