कॅसेट कोणाची

१९८९, नारळी पौर्णिमेनंतरचा सोमवार. जागा : खोपटच्या एसटी डेपोजवळची आमच्या आमदारसाहेबांची कचेरी. हजर : साहेब, त्यांचे वकील, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मावशी आणि साहेबांची चिटणीस म्हणून मी. मावशीचा मुलगा यायचा होता, पण त्याला अजून बसवत नव्हतं.

आमच्याकडे तक्रारी टेपवर घेत. ही पद्धत साहेबांची. दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेतला की त्यात माणसाचं स्वतःचं बोलणं उरत नाही, असं ते म्हणायचे. कॅसेट ज्याची त्याने घरून आणायची. भक्तिगीतांच्या, हळदीच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटी यायच्या. वरच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की जुनं पुसून नवीन भरता येतं. बोलणाऱ्याने आधी नाव, गाव सांगायचं, मग हकीकत, आणि ती कोणी पाहिली तेही.

त्या उन्हाळ्यात कोळीवाड्याने खाडीत भराव टाकणारे ट्रक अडवले होते. पोलिसांनी पोरांना चौकीत नेलं. त्यात मावशीचा मुलगा होता. त्याची कंबर कायमची गेली. पोलिसांच्या कागदावर तो पळताना धक्क्यावरून पडला. पण चौकीची मागची खिडकी खाडीवर उघडते आणि मावशीच्या चुलत दिराने होडीतून सगळं पाहिलं होतं. त्याने ते फक्त तिला सांगितलं. तिने ते आमच्या टेपवर सांगितलं, त्याच्या नावासकट.

साहेबांनी अधिवेशनात ती कॅसेट उंच धरली आणि पुरावा माझ्याकडे आहे म्हणून सांगितलं. बाकं वाजली. त्याच आठवड्यात पोलीस वॉरंट घेऊन आले आणि कपाटातल्या सगळ्या कॅसेटी घेऊन गेले. पंचनाम्यात त्यांनी वरची छापील नावं उतरवली : भक्तिगीते, लग्नाची गाणी. एरवी मला हसू आलं असतं.

हक्कभंगाची सूचना फेटाळली गेली. आमदाराला संरक्षण आहे ते सभागृहात बोलल्याचं, कचेरीतल्या कपाटाला नाही. उरलं कोर्ट. त्यासाठी ही बैठक.

"दावा मी लावतो," साहेब म्हणाले. "आमदाराच्या कचेरीतून सरकार लोकांच्या तक्रारी उचलून नेतं म्हणजे काय?"

"कोर्ट पहिलं विचारेल, कॅसेट कोणाची," वकील म्हणाले. "खरेदीची पावती आहे?"

"पावती कसली? लोक घरून आणतात."

"मग तुमचं काय गेलं?"

"माझं काय गेलं? अहो, उद्या माझ्याकडे येऊन कोण तोंड उघडेल?"

"ते मला पटतं, साहेब. जज्जला पटायला वस्तू तुमची लागते. जिची कॅसेट, तिने पुढे यावं. मावशींनी प्रतिज्ञापत्र करावं. कॅसेट माझी, आवाज माझा, त्यातलं सगळं खरं."

मावशीने टोपली दाराबाहेर ठेवली होती आणि मधूनमधून तिकडे बघत होती.

"म्हंजे त्यो आवाज माजा हाय, ह्ये मीच सांगायचा?"

"हो."

"आनि दिराचा नाव?"

"त्यांना साक्षीला बोलावतील."

"काल पोलीस आलते धक्क्यावं. होडीचा कागद दाखव बोलले त्याला. येवढ्या वर्सांत कंदी कुनी कागद नाय इचारला."

साहेब पुढे वाकले. "मावशी, घाबरू नका. मी आहे ना."

"तुमी व्हतेच की, सायेब. कपाट तुमचाच व्हता."

वकिलांनी खाली बघून पेनाला टोपण लावलं. मी चहा सांगितला.

मावशीने चहा बशीत ओतला, पण प्यायली नाही. "पोऱ्या माजा पडून हाय. त्याचा मासलीचा जाला धूल खातोय. दोन घरांची चूल दिराच्या होडीवं पेटते. त्यालाबी आत घातला, तं कोर्टात जिंकून मी शिजवू काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, कॅसेट नको मना. त्याचा नाव तेवढा पुसून द्या. गानी पुसता ना तुमी, तसा."

मी वकिलांकडे पाहिलं.

"त्यालाही अर्ज लागेल," ते म्हणाले. "यांच्याच सहीचा."

मावशी उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या दिशेने गेली. बशी तशीच भरलेली होती.

साहेबांनी शेवटी स्वतःच्या नावाने अर्ज केला. वस्तू अर्जदाराची नाही म्हणून तो नामंजूर झाला. वरच्या कोर्टात जायचं तरी मावशीची सही लागणारच होती, आणि ती मागायला जाऊ नका असं साहेबांनीच सांगितलं. दिवाळीच्या आत दिराने होडी विकली आणि आंबिवलीला एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागला. पुढच्या निवडणुकीत साहेब पडले.

कचेरी बंद करताना मी एकेक काम निकाली काढलं. टेलिफोन परत केला, टाइपरायटर विकला, ज्यांचे मूळ कागद होते त्यांना ते घरी नेऊन दिले. एकाच कामासाठी वकिलांना पुन्हा विचारलं. कॅसेट मुद्देमालाच्या खोलीत असणार, ते म्हणाले, आणि ते नाव पुसून मागायचा हक्क ना साहेबांना, ना मला. मावशीला आहे, पण तिने तो वापरला की नाव पुन्हा पुढे येणार.

ते नाव अजून टेपवर आहे. पुसायचं राहिलं आहे.