कागदाखालचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडतानाही हा विषय मी शिताफीनं टाळते — जसं काही त्याला माहीतच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जे ओळखतात ते सगळे मला चांगली बाई समजतात, आणि खरं सांगू, ते मला आवडतं.

आमचं घर तीर्थपुरीत. या घरात मी आले ती दुसरी बायको म्हणून. ह्यांची पहिली बायको, उषा, काविळीनं गेली. मागं एक लहानगी पोर ठेवून. ती पोर म्हणजे वैशाली, आमची वैशू. तिला आई पाहिजे होती, आणि माझ्या वडिलांना माझ्या लग्नाचा घोर लागला होता — असं जमलं ते. बिजवराचं लग्न, म्हणून मांडव नाही, वाजंत्री नाही. देवळात हार घातले आणि घरी येऊन जेवलो. मी कधी कुरकुर केली नाही. निदान तोंडानं नाही.

पण आमच्याकडे एक रीत आहे. घरात लग्न निघालं की दाराशेजारच्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं रंगवतात. वर गणपती, बाजूनं वेल, मधे चिरंजीव अमुक आणि सौभाग्यकांक्षिणी तमुक. लग्न होऊन जातं, नावं मात्र राहतात, कुणी पुसत नाही. मी नवी नवरी म्हणून पहिल्यांदा या दारात उभी राहिले तेव्हा पडवीच्या भिंतीवर, अगदी डोळ्यांसमोर, लाल रंगात लिहिलेलं होतं — चि. भगवान आणि चि. सौ. कां. उषा. ते रंगाऱ्यानं काढलेलं नव्हतं. ह्यांनी स्वतः काढलं होतं, लग्नाआधी, चार दिवस रमतगमत. हे मला सासूबाईंनी सांगितलं. कौतुकानं सांगितलं.

माझं नाव? ते कुठं टाकायचं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

जिवंत सवत असती तर भांडले असते हो. तिची आमटी खारट झाली असती, तिचे केस पिकले असते, कधीतरी ह्यांच्यावर खेकसली असती. पण ही? ही तिशीसुद्धा ओलांडणार नव्हती. रोज सकाळी मी तिच्या नावाखालची फरशी झाडायची. येणारा-जाणारा ते नाव वाचायचा आणि मग माझ्याकडं बघायचा — किंवा बघत नसेलही, मला तसं वाटायचं. आणि वैशू! अंगणवाडीतून आली की भिंतीशी उभी राहून त्या अक्षरांवर बोट फिरवायची. उ... षा. पोरगी वाचायला शिकली ती त्या नावावर. तिची वेणी मी घालायचे, ताप आला तर उशाशी मी बसायचे, पण पहिलं अक्षर तिनं तिथं गिरवलं.

ह्यांना जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत कायम नोकरी लागली, तेव्हा आम्ही पडवी बंद करून बैठक केली. बाहेरची भिंत आत आली. मी म्हणाले, या भिंतीला ओल येते, वॉलपेपर लावू. ओल कसली आणि काय कसली! पण माझं ऐकलं गेलं. जालन्याहून बदामी रंगाचा, बारीक पानांचा कागद आणला, आणि तो ह्यांनीच चिकटवला. मी खाली उभी राहून ‘जरा डावीकडं घ्या’ सांगत होते. त्या नावावरून फिरताना ह्यांचा हात रेंगाळला का? की मलाच तसं दिसलं? वैशू दारात उभी राहून बघत होती. रडली नाही. रडली असती तर मी कदाचित थांबले असते — नाही, नसते थांबले. आता इथं तरी खोटं कशाला बोलू?

वर्षं गेली. वैशू नर्स झाली, जालन्याला नोकरीला लागली आणि गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं. घराला रंग द्यायचं ठरवलं. रंगारी म्हणाला, कागदावरून प्रायमर मारून रंग देता येईल; कागद काढायचा तर भिजवणं आलं, खरवडणं आलं, पुट्टी आली, आणि खालचा जुना चुना सोबत निघून येईल तो वेगळाच. मी म्हटलं, वरूनच द्या. एवढ्या घाईत कशाला तो राडा?

वैशूचा फोन आला. “आई, वरून रंग न्हाई द्यायचा. कागद काढायचा. खाली माझ्या आईचं नाव आहे. एकदा बघू दे मला, मंग काय द्यायचा तो रंग द्या.”

आई, माझ्या आईचं नाव. एका दमात दोन्ही म्हणाली, आणि तिच्या काही लक्षातही आलं नाही. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि रंगाऱ्याला सांगितलं, मारा वरून.

त्यानं प्रायमरचा एक हात दिला आणि दुपारपर्यंत कागदाला फुगे आले. जोड सुटले, पानं लोंबायला लागली. तो बिचारा म्हणाला, “काकू, मी बोल्लो होतो तुमाला, भरोसा न्हाई. आता काढावाच लागंल. उद्या काढतो.” मी म्हणाले, तुम्ही जा, मीच काढून ठेवते. हे धावड्याला पत्रिका वाटायला गेले होते. वैशू संध्याकाळी येणार होती. घरात मी एकटी.

पाणी मारलं की कागद कसा सुटतो माहीत आहे? एक कोपरा नखानं उचलला की लांबच लांब पट्टा हातात येतो. आणि खाली — सगळं जसंच्या तसं होतं. लाल रंग, वेल, तो जरा वाकडा गणपती. उघड्या पडवीत ऊनपावसानं ते केव्हाच उडून गेलं असतं. मी झाकलं म्हणून टिकलं. ह्यांचं अक्षर मी इतकी वर्षं बघते आहे, किराण्याच्या चिठ्ठीवर, गॅसच्या पुस्तकावर. इतकं निगुतीनं काढलेलं कधी पाहिलं नव्हतं.

आणि त्याखाली, लहान मुलाच्या उंचीवर, खिळ्यानं कोरलेलं आणखी एक उषा होतं. वेडंवाकडं. ‘षा’चा काना पार फरशीकडं घसरलेला. हे मला ठाऊकच नव्हतं. कधी कोरलं असेल तिनं? कागद लागायच्या आदल्या दिवशी?

इथवर सांगणं सोपं होतं.

रंगाऱ्याची लोखंडी पट्टी तिथंच पडली होती. मी ती उचलली आणि आधी ते खालचं, पोरीच्या हातचं नाव खरवडलं. आधी ते. मग वरचं. चुना ओला होता, फार जोर लागला नाही. मुद्दाम काढलंय असं वाटू नये म्हणून आजूबाजूचाही पोपडा काढला. कागदाच्या पाठीला लाल रंग लागला होता, तो कुणी बघेल म्हणून सगळा कागद बादलीत कालवून त्याचा लगदा केला आणि उकिरड्यावर नेऊन टाकला. डोकं किती शांत होतं माझं! मला रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. हलकं वाटत होतं.

वैशू आली, भिंतीकडं बघत राहिली. “कागदासंगं निघून आलं गं बाई,” मी म्हणाले, “लई जपून काढत होते मी.” तिनं भिंतीवरून हात फिरवला. मग माझ्याकडं वळून माझे हात हातात घेतले. चुन्यानं बोटांची सालं निघाली होती. माझ्यासाठी एवढं करून राह्यली तू, म्हणाली, आणि वाटीत खोबरेल घेऊन माझी बोटं चोळत बसली. हे रात्री आले, भिंतीकडं पाहिलं, ‘जाऊ दे’ म्हणाले आणि परसात जाऊन उभे राहिले. बराच वेळ आत आले नाहीत. मी जेवायला वाढून बसून होते आणि मनात हिशेब चालला होता — म्हणजे अजून आहेच तर ती.

वैशू सासरी सगळ्यांना सांगते, आमच्या आईनं माझ्या आईचं नाव शोधायला अख्खी भिंत एकटीनं सोलली. तिची सासू मला मान देते. मी मान घेते.

एक सांगायचं राहिलंच. लग्नाला तेव्हा दोन दिवस उरले होते, बैठकीला नवा रंग देऊन झाला होता. बाहेर दाराशी वैशूची आणि जावयाची नावं रंगवून झाली, आणि पोरीनं रंगाऱ्याला बैठकीत बोलावलं. म्हणाली, या घरात माझ्या आईचं नाव कुणी टाकलंच न्हाई, ते आज टाका. आई म्हणजे मी. त्याच भिंतीवर, त्याच जागी, भगवान आणि सुमन. मी नको म्हणू शकले असते. तिथंच सगळं सांगूही शकले असते. ती समोर उभी होती, हातावरची मेंदी वाळवत.

रंगाऱ्यानं विचारलं, “काकू, अक्षर केवढं काढू?”

मी म्हणाले, मोठं काढा. दारातून वाचता आलं पाहिजे.