आबांनी बसवलेलं सील

नव्वदच्या दशकात इंदापूरला रस्त्याकडेला माझ्या वडिलांचं, आबांचं, गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक लिंब. अर्धांगाचा झटका आला, आबांचा उजवा हात थरथरू लागला आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. आमची जुनी डिझेल जीप मी इंदापूर-बारामती वडापला, शिटा भरून, चालवायचो. तिचं पुलीमागचं ऑईल सील गळायला लागलं तसे आबा हटून बसले.

"घरची गाडी मीच करणार. बघू दे लोकांस्नी, हात ऱ्हायलाय का गेलाय."

आता नाही म्हणायची सोय नव्हती.

जुनं सील त्यांनी उचकटून काढलं. नवं सील म्हणजे तळहातावर मावणारी, इंजिनाचं तेल अडवणारी रबराची कडी. ती चहूबाजूंनी सारखी ठोकत बसवायची असते. पूर्वी आबा गप्पा हाणत हे काम करायचे. आता हातोडी एकाच बाजूला पडत होती. रबराची कड दुमडलेली मला दिसली. मी हात लावायला गेलो तर खेकसले, "हात काढ." असा राग आला मला त्या हट्टाचा!

काम झालं की इंजिनाच्या बोल्टाला कुंकवाचं बोट लावायची त्यांची रीत होती. ते लावलं. संध्याकाळी इंजिनाखाली पुठ्ठा टाकला. सकाळी पुठ्ठा कोरडा होता, पण तो कालचा नव्हता. खालची मातीही उकरून सारखी केलेली.

"थेंब न्हाय," मी म्हणालो.

"मग? सांगत हुतो न्हवं," आबा माझ्याकडे न बघता म्हणाले.

तेल संपून इंजिन जाम झालं असतं तर घरची चूल बंद पडली असती. मी रिकामी जीप काढली आणि बारामतीला, जळोचीच्या रस्त्यावर एका मेकॅनिककडे लावली. सील काढून त्यानं विचारलं, "हे कुणी ठोकलंय?"

"मीच," मी म्हणालो.

"तुमी आपली गाडीच चालवा," तो हसून म्हणाला.

नवं सील बसलं. येताना काटेवाडीजवळ थांबून, मेकॅनिकनं धुतलेल्या बोल्टांना मी रस्त्यावरचा फुफाटा चोळला. झाकली मूठ राहावी, एवढंच मनात होतं. कुंकू मात्र डोक्यातच आलं नाही.

घरी आल्यावर आबांनी बॉनेट उचललं. बराच वेळ वाकून बघत राहिले, मग हळूच खाली केलं. त्यांनी मला शिव्या घालाव्यात असं फार वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात ओळखीचा एक जण ट्रॅक्टर घेऊन आला. झटक्यानंतर दुकानात आलेलं ते पहिलं काम.

"आबा, तेल गळतंय बगा. पोराच्या जीपचं सील तुमीच बसवलं म्हणं. थेंब पडत न्हाय म्हणत्यात. आमचंबी करा."

आबांनी थरथरता हात मांडीखाली दाबून धरला.

"बारामतीला न्या," ते म्हणाले. "आमची जीपबी तितंच केलीया."