बेबीताईचा उलटतपास अर्धाच राहिला

माझी बहीण आज सकाळी मेली आणि ज्यांना हे हवं होतं त्यांना आता पुढची तारीख मागायची गरज नाही.

बेबीताई. माझ्यापेक्षा मोठी. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. मी खुर्च्या उचलणारा पोऱ्या होतो तेव्हापासून ते खांदा कॉलनीत माझ्या मंडप डेकोरेटर्सचा बोर्ड लागेपर्यंत, मला "दिन्या" म्हणणारी एकटी तीच उरली होती.

नवीन मित्रांसाठी सांगतो. जुन्यांना सगळं माहीत आहे. तोच तर प्रॉब्लेम आहे.

पळस्प्याच्या अलीकडे ताईचं गाव. तिच्या एकुलत्या मुलाची, निलेशची हळद होती. जमिनीवरून भावकीत वाद होता, पण हळदीला भावकीला बोलवायचं नाही असं आमच्यात होत नाही. बोलावलं. आमच्या पद्धतीप्रमाणे सगळ्या पुरुषांना एकाच ताग्यातलं पिस्ता कापड दिलं, कुर्ते शिवून.

त्यातलाच एक कुर्ता घालून भावकीतला तो आला आणि त्याने गोळ्या चालवल्या.

चार माणसं गेली. निलेश गेला, अंगावर हळद तशीच. भाओजी गेले. दोन पाहुणे गेले.

नाव लिहीत नाही. केस चालू आहे.

मी मंडपामागे जनरेटरपाशी होतो. डीजेच्या दणदणाटातही मला तो आवाज वेगळा कळला. पण मी पाहिलं नाही. कोर्टात कान चालत नाहीत, डोळे लागतात.

ताई समोर होती. ताईने पाहिलं.

पंगतीला अख्खं गाव होतं. साक्षीला जो उभा राहिला तो म्हणाला, "साहेब, मी तवा मटनाच्या टोपाकडं होतो." दुसराही टोपाकडे. तिसराही टोपाकडेच.

टोप माझाच होता हो. त्याच्याभोवती चार माणसं उभी राहिली तर पाचव्याला वाटी बुडवता येत नाही. त्या दिवशी तिथे निम्मं गाव मावलं.

सगळे फितूर झाले. उरली ताई.

गावातले जाणते तिच्याकडे येऊन बसले. "बेबे, गेलेली माणसा परत येनार हायेत का? त्याची पन पोरा लहान हायेत."

ताईने त्यांना चहा दिला. म्हणाली, "च्या पिवा आनि जावा."

कोर्टाच्या व्हरांड्यात एकदा पोलीस त्याला आमच्या समोरून घेऊन गेले. तो थांबला. म्हणतो, "काकी, बरी हाव ना?"

जणू गावच्या जत्रेत भेटला.

ताई म्हणाली, "बरी हाय. तुज्यासाठीच जिती हाय."

तिची साक्ष झाली तो दिवस मी विसरणार नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, तिने सगळं सांगितलं, बोट दाखवून. मग त्याचे वकील उठले. मोठे वकील, मुंबईहून आलेले.

"बाई, सगळ्या पुरुषांचे कपडे एकाच कापडाचे होते ना?"

"व्हय."

"गर्दी होती, धावपळ होती. मग हाच तो, हे तुम्ही कसं ओळखलंत?"

ताईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमी सगले इथं काल्या कोटात हाव. मंग जजसाहेब तुमाला वलखत नाय?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. जजसाहेबांनी खाली मान घातली, पण त्यांचं हसू मला दिसलं.

वकील बसले. उरलेला उलटतपास पुढच्या तारखेला घेऊ म्हणाले.

ती पुढची तारीख कधी आलीच नाही, मित्रांनो. म्हणजे तारखा येत होत्या. कधी वकीलसाहेब आजारी. कधी आरोपीला आणायला पोलीस कमी. मग जजसाहेबांची बदली. आम्ही प्रत्येक वेळी गेलो. ताई भाकरी बांधून घ्यायची, गाडीत बसताना विचारायची, "आज तरी इचारतील ना रं, दिन्या?"

"आज नक्की, ताई."

एक दिवस जिन्यात त्या वकिलांचा ज्युनिअर फोनवर बोलत होता. हळू बोलत होता, पण डीजे-जनरेटरच्या धंद्यात मी कानावरच मोठा झालोय.

"सर, म्हातारीला शुगर आहे, किडनीचं पण आहे. दोन-तीन तारखा ढकलू. आपोआप होईल."

मी सरकारी वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, "शेठ, यात पुरावा काय? अर्ज करून बघतो." अर्ज केला त्यांनी. माणूस चांगला आहे. त्यावरही तारीख पडली.

मग डायलिसिस सुरू झालं. डायलिसिसच्या दिवशी तारीख आली की ताई म्हणायची, "आदी कोर्टात चल. मशीन कुठं पलून जाते?"

आज दुपारी सगळं आटोपून आलो तर सरकारी वकिलांचा फोन. दुःख व्यक्त केलं. मग म्हणाले, "उलटतपास अर्धा राहिला ना, शेठ. त्या साक्षीचं वजन आता फार धरता येणार नाही. दुसरा कोणी पाहणारा आहे का?"

आहे का?

तुम्हीच सांगा. माझ्या या फ्रेंडलिस्टमध्ये त्या मंडपात नाचलेले कितीतरी जण आहात. आज स्मशानात होतात, मला मिठी मारून रडलात. खोटं नव्हतं ते रडणं, मला कळतं.

पण ताईला तुमचं रडणं नको होतं.

म्हणून हात जोडतो, कमेंटमध्ये फुलं टाकू नका. तिचा फोटो स्टेटसवर ठेवू नका. मला फोन करा. गाडी माझी, तुमच्या घरच्यांची काळजी माझी. मी नडलोय, मला लाज वाटत नाही सांगायला. एकाने उभं राहा आणि जे पाहिलं तेवढंच बोला. एकानेच.

आत्तापर्यंत एकही फोन आलेला नाही.

ताई, तुला वचन देत नाही. आपलं गाव तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तू फार बसलीस कोर्टातल्या त्या बाकावर.

जा आता. तुझ्या जागेवर मी बसतो.